मोबाईल, बूम आणि ‘ब्रेकिंग’: कोल्हापूरच्या लोकल न्यूज पेजेसची जबाबदारी नेमकी काय?

गल्लीतली बातमी आता सगळ्यात आधी मोबाईलवर येते. पण ती देणाऱ्याला नियम कोणते लागू होतात? चुकीची बातमी गेली तर पुढे काय? आणि १८८२ च्या एका ‘कोल्हापूर प्रकरणा’चा याच्याशी काय संबंध?

कोल्हापूर : जुलै लागला की जिल्ह्यात एकच बातमी सगळ्यात जास्त वाचली जाते. पंचगंगेची पातळी किती? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चाळिशीकडे सरकलं की सुतारवाड्यातली कुटुंबं सामान बांधायला लागतात, प्रयाग चिखली-आंबेवाडीतली जनावरं बाहेर निघतात आणि शिरोळ तालुका राधानगरीबरोबर अलमट्टीकडेही डोळे लावून बसतो. अशा वेळी माणूस बातमी कुठे बघतो? पेपर उद्या सकाळी येणार. टीव्हीवर मुंबईचा पाऊस चाललेला. मग हात जातो तो गावातल्या, पेठेतल्या एखाद्या फेसबुक पेजकडे, यूट्यूब चॅनेलकडे किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे.

तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनो सावधान!’ सोबत फेसाळत्या पाण्याचा व्हिडिओ. तारीख नाही, वेळ नाही, कुणी सांगितलं तेही नाही. व्हिडिओ आजचा की २०१९ चा, कळायला मार्ग नाही.

तारीख न लिहिण्याबद्दल कुठल्या कायद्यात शिक्षा नाही. पण त्या एका ओळीवर कुणीतरी म्हशींची दावी सोडायची का, आजीला वरच्या मजल्यावर न्यायचं की पाहुण्यांच्या गावी, हे ठरवत असतं.

‘दरवाजे उघडले’ म्हणजे नेमकं काय?

हेच उदाहरण जरा नीट बघू, कारण बातमी अर्धी दिली की काय होतं ते यात स्वच्छ दिसतं. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बंद होतात. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. म्हणजे एक दरवाजा उघडला तर १,४२८ आणि सातही उघडले तर जवळपास १० हजार क्युसेक. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं.

आता ‘दरवाजे उघडले’ एवढ्या दोन शब्दांत यातलं काय कळलं? किती दरवाजे, किती वाजता, एकूण विसर्ग किती, राजाराम बंधाऱ्यावर आत्ता पातळी किती? काहीच नाही. दरवाजा उघडणं हा अपघात नाही, ती त्या धरणाची रचनाच आहे, हेही नाही. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा तेवढा येतो. मी इंजिनिअरिंग केलंय, त्यामुळे युनिट नसलेला आकडा दिसला की आजही अस्वस्थ व्हायला होतं. इथे तर आकडाच नसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही पुढे. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. कुठल्या गावात बोट पोहोचली नाही, कुठे इन्सुलिन हवंय, कुठली सोसायटी अंधारात आहे, हे त्या दिवसांत लोक एकमेकांना मोबाईलवरच सांगत होते. स्थानिक पेजेसनी ते गोळा करून पुढे पोहोचवलं. शिरोळमधल्या वाडीवस्तीचं नाव मुंबईच्या न्यूजरूममध्ये बसलेल्याला माहीत असण्याचं कारण नाही. गावातल्या पेजवाल्याला मात्र तिथल्या सरपंचाचा नंबर तोंडपाठ असतो.

एरवीही तसंच. शाहू स्टेडियमवरचा केएसए लीगचा सामना, गुळाचे सौदे, रंकाळ्याचं पाणी हिरवं झालं ती बातमी, ग्रामसभेत झालेला राडा. मोठ्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ज्याला चार ओळी मिळाल्या असत्या, त्याचं इथे तासभर लाईव्ह चालतं. लोक बघतात, कारण ते त्यांचं असतं. म्हणूनच ‘ही सगळी यूट्यूबर पोरं, यांना काय कळतंय’ असं म्हणून हा विषय झटकता येत नाही. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

१८८२ : कोल्हापूरच्याच बातमीवरून दोन तरुण संपादक तुरुंगात

खात्री न करता छापण्याचा आजार मोबाईलबरोबर आला असं वाटत असेल, तर जरा मागे जाऊ.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रं सुरू झाली. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. दोघांचाही जन्म जुलै १८५६ चा. म्हणजे पेपर काढला तेव्हा दोघे २४ वर्षांचे. आजच्या भाषेत, कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पोरांनी काढलेला स्टार्टअप.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वय जेमतेम अठरा. त्यांचं मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्याचं सांगून त्यांना देखरेखीत ठेवलं होतं आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतोय, अशी चर्चा होती. लोकांच्या मनात संताप होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने हा विषय लावून धरला आणि बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. त्याला आधार होता काही पत्रांचा. ही पत्रं बर्व्यांचीच आहेत, असं सांगण्यात आलं होतं.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं टिकली नाहीत, बनावट ठरली. दोन्ही संपादकांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि ऑक्टोबरअखेर ते सुटले. या काळात त्यांना जामीन राहिले ते महात्मा फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. रक्कम दहा हजार रुपये. फुले आणि टिळक यांचे मतभेद ज्यांना माहीत आहेत, त्यांनी हा तपशील पुन्हा एकदा वाचावा.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे विषय खरा होता, हेतू चांगला होता, लोकही बाजूने होते. सुटल्यावर दोघांचं जंगी स्वागत झालं. फक्त कागद खोटे होते. ते खरे वाटले, कारण जे आधीच मनात होतं तेच त्यांत लिहिलेलं होतं.

आज त्या पत्रांच्या जागी स्क्रीनशॉट आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाचं चॅट, कुठल्या तरी लेटरहेडवरचा आदेश, आवाज ओळखीचा वाटणारी ऑडिओ क्लिप. स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात, ऑडिओला आता त्याहून थोडी जास्त. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून तो कधी, कुठे, कोणत्या फोनवर काढला ही आतली माहिती निघून जाते. त्यामुळे ‘फोटो तपासून बघितला’ याला फारसा अर्थ उरत नाही. ज्याने काढला त्याच्यापर्यंत जावं लागतं, मूळ फाइल मागावी लागते, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करावा लागतो. एवढं जुनं आणि कंटाळवाणं काम आहे ते.

जून २०२३ : स्टेटस किती जणांनी पाहिलं, स्क्रीनशॉट किती जणांनी?

कोल्हापूरकरांना ७ जून २०२३ वेगळा सांगायला नको. आदल्या दिवशी, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, काहींनी औरंगजेब आणि टिपू सुलतानाबद्दल आक्षेपार्ह मानले गेलेले व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवले. हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. दुकानं, हातगाड्या, गाड्या फुटल्या. इंटरनेट बंद करावं लागलं. शाहूंच्या नगरीत हे कसं झालं, यावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं. इथे फक्त तांत्रिक भाग बघू.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस साधारणपणे आपण ज्यांचे नंबर सेव्ह केलेत आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच दिसतं. तेही २४ तास. म्हणजे एखाद्या पोराचं स्टेटस फार तर शे-दोनशे लोक बघणार आणि उद्या ते गायब होणार. ते अख्ख्या शहरात पोहोचतं ते स्क्रीनशॉटमुळे. स्क्रीनशॉटला कॉन्टॅक्ट लिस्टची मर्यादा नाही आणि २४ तासांची मुदतही नाही. ‘बघा काय लावलंय यांनी’ म्हणत तो पोस्ट करणारा निषेधच करत असतो, पण मूळ मजकूर ठेवणाऱ्याला जे जमलं नसतं ते काम तोच पूर्ण करतो.

मग पेजवाल्याने बातमीच द्यायची नाही का? द्यायची. आक्षेपार्ह मजकुरावरून तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला, बंदची हाक आहे, एसटी चालू आहे की नाही, शाळा चालू की बंद, पोलिसांनी काय सांगितलंय. हे सगळं द्यायचं. तो स्क्रीनशॉट दाखवायची त्यासाठी गरज नाही. ‘चौकात जमा’ हा निरोप पेजवर टाकणं आणि ‘चौकात लोक जमले आहेत, या रस्त्याने जाऊ नका’ ही बातमी देणं, यात फरक आहे. पहिलं टाकणारा पत्रकार राहत नाही, तो आयोजकांपैकी एक होतो.

दंगलीच्या लाईव्हचंही तसंच. ‘अमुक गल्लीत जमाव शिरतोय’ हे थेट प्रक्षेपण बघून घरात दडलेला माणूस सावध होतो, तसाच दुसऱ्या गल्लीतला जमावही वळतो. अर्ध्या तासाने, पोलीस पोहोचल्यावर तेच दाखवलं तर कुणाचं काय बिघडतं? व्ह्यूज कमी होतात, एवढंच. आणि इंटरनेट बंद झालं की अफवा थांबत नाहीत, त्या कट्ट्यावर जातात. थांबतं ते खुलासा करणाऱ्याचं पेज.

त्या प्रकरणात पोलिसांनी अल्पवयीन मुलांनाही ताब्यात घेतलं होतं. अशा वेळी मुलाचा फोटो, नाव किंवा घर दाखवणं हा थेट गुन्हा आहे. त्याकडे पुढे येऊ.

अख्खा जिल्हा एका बाजूला असतो तेव्हा

खरी परीक्षा दंगलीत नसते असं मला वाटतं. दंगलीत निदान चूक काय ते कळतं. परीक्षा होते ती सगळे आपलेच लोक एका बाजूला असतात तेव्हा.

नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे सगळ्यांची माधुरी, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातमधल्या ‘वनतारा’त नेली गेली. निरोपाला लोटलेली गर्दी, ओक्साबोक्शी रडणारी माणसं, ३ ऑगस्टची नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा, जिओचं सिम सोडण्याची मोहीम. हे सगळं स्थानिक पेजेसनीच राज्यभर पोहोचवलं. ते दुःख खरं होतं आणि ते दाखवणं योग्यच होतं. पण त्या दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाच्या १६ जुलैच्या आदेशात काय लिहिलंय, हत्तिणीच्या प्रकृतीबद्दलचे अहवाल काय होते, उच्चाधिकार समितीचं म्हणणं काय आणि मठाचं त्यावर उत्तर काय, हे किती पेजेसनी सोप्या मराठीत सांगितलं? आपल्या लोकांबरोबर चालता चालताही आदेशाची पानं वाचून दाखवता येतात. ती वाचली असती तर मठाची बाजू मांडणाऱ्यांनाच जास्त उपयोग झाला असता, कारण पुढची लढाई शेवटी कागदावरच व्हायची होती.

एखाद्या समाजाचं, जातीचं किंवा गावाचं म्हणून पेज चालवण्यात गैर काही नाही. उलट त्याची परंपरा आहे आणि तीही कोल्हापुरातून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालं. त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. ते उघडपणे ज्यांना आवाज नाही त्यांचं पत्र होतं. तरीही पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी बजावलं होतं, की दुसऱ्या जातीचं नुकसान करून आपल्या जातीचं हित साधता येत नाही. सगळे एकाच बोटीत आहेत. समाजाच्या नावाचं पेज चालवणाऱ्यांनी तो अंक शोधून वाचायला हरकत नाही.

कायदा काय सांगतो?

इथे भरपूर गैरसमज आहेत, त्यामुळे थोडक्यात.

‘पेजची नोंदणी केली आहे’ असं अनेक जण सांगतात. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा गेला आणि २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो छापील नियतकालिकांसाठी आहे. प्रेस कौन्सिलही १९७८ च्या कायद्याने वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतीच आहे. त्यामुळे उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना किंवा ट्रेडमार्क दाखवून कुणी ‘सरकारमान्य चॅनेल’ म्हणत असेल तर त्याचा बातमीशी काही संबंध नाही.

डिजिटल बातम्यांना लागू होतात ते फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा, अशी व्यवस्था आहे. सहज काहीतरी लिहिणारी व्यक्ती यातून वगळली आहे; पण व्यवसाय म्हणून, पद्धतशीरपणे बातम्या देणारा प्रकाशक मानला जातो. जाहिराती घेणारं, रोज बुलेटिन करणारं पेज ‘आम्ही हौशी’ असं म्हणून सुटेल असं समजू नये. याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांनी आव्हान दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी नियम ९ च्या उपनियम १ आणि ३ ला स्थगिती दिली. सरकारने नीतिमत्ता शिकवावी का, हा प्रश्न तिथे होता आणि तो महत्त्वाचाच आहे. २०१२ मध्ये पालघरमध्ये एका बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या ‘६६ अ’ कलमाचा असा वापर व्हायचा ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पोलिसांच्या हाती जास्त कायदे दिले म्हणजे बातम्या सुधारतात, असं काही दिसलेलं नाही.

तरीही उरलेले कायदे पुरेसे कडक आहेत. भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानी (कलम ३५६), समाजांत तेढ वाढवणं (१९६) आणि सार्वजनिक शांतता बिघडेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं (३५३) हे गुन्हे आहेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड केली तर कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. त्यात किमान सहा महिने कैदेची तरतूद आहे आणि नाव, फोटो, पत्ता, कुटुंब, शाळा, परिसर असं काहीही देता येत नाही.

लहान गावात हे शेवटचं कलम फार अवघड जातं. मुंबईत ‘अंधेरीतली १३ वर्षांची मुलगी’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. इथे ‘अमुक वाडीतली, आठवीत शिकणारी, वडील वाळूच्या ट्रकवर’ म्हटलं की नाव लिहायची गरजच राहत नाही. चेहरा धूसर केला पण मागे घराचा दरवाजा, अंगणातली गाडी आणि रडणारी आई दिसली, की गाव ओळखतं. मोठ्या माध्यमांचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही, त्याहून कडक पाळावा लागतो. अपघातात गेलेल्याचं नाव घरच्यांना कळायच्या आत पेजवर येऊ नये, हाही तसाच नियम. कुठल्या कलमात नाही, पण बायकोला नवऱ्याची बातमी रीलमधून कळणं म्हणजे काय, ते गावाला माहीत असतं.

आणि ग्रुप अ‍ॅडमिन? सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे एवढ्यावर त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं. दोघांचं संगनमत दिसलं पाहिजे. पण ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ ठेवून स्वतःच बातम्या टाकणाऱ्याला ही सवलत कुठून मिळणार?

अफवेची किंमत किती असू शकते, यासाठी १ जुलै २०१८ ची धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची घटना पुरेशी आहे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला आलेले. त्या काळात देशभर फिरलेली ‘मूल पळवण्याची’ एक क्लिप तर कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा कापलेला तुकडा होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा इथे उत्तर प्रदेशच्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झालीच.

पैसे कुठून येतात?

याबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून बोलायला हवं. पेज चालवायला खर्च येतो. मोबाईल, ट्रायपॉड, बूम, पेट्रोल, एडिटिंग करणारा पोरगा. यूट्यूबचे पैसे बहुतेकांना पुरत नाहीत. मग सराफाच्या दुकानाचं उद्घाटन, नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, हॉस्पिटलची ‘विशेष मुलाखत’. जाहिरात घेणं वाईट नाही, पेपरही त्यावरच चालतात. ती बातमीच्या वेशात दाखवणं वाईट. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेने २०२१ मध्ये सोशल मीडियावर पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहिण्याचे नियम आणले, २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्यानेही सूचना काढल्या. कोपऱ्यात ‘जाहिरात’ एवढा एक शब्द लिहायचा आहे. निवडणुकीत तर उमेदवाराच्या सोशल मीडियावरच्या जाहिरातीला आधी समितीचं प्रमाणपत्र लागतं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे न दिलेल्या बातमीचे पैसे. ‘तुमच्या बांधकामाचा व्हिडिओ आहे आमच्याकडे, काय करायचं?’ असा फोन. याला पत्रकारिता म्हणत नाहीत, याला खंडणी म्हणतात आणि न्याय संहितेत त्याचं कलम ३०८ आहे. अशा चार जणांमुळे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या चाळीस जणांना ग्रामपंचायतीत ‘आला बघा बूमवाला’ हे ऐकावं लागतं.

चूक झाली तर?

होणारच. प्रश्न नंतर काय करता हा आहे. बहुतेक पेजेसवर चुकीची पोस्ट गुपचूप डिलीट होते. तांत्रिकदृष्ट्या ही सगळ्यात निरुपयोगी पद्धत आहे. पोस्ट तुमच्या पेजवरून जाते, पण तिचे डाऊनलोड, रील्स आणि फॉरवर्ड तसेच फिरत राहतात. मागे उरलेल्या लोकांना तुम्ही ती मागे घेतलीत हे कळतसुद्धा नाही. त्यापेक्षा मूळ पोस्टवरच ‘दुरुस्ती’ लिहून काय चुकलं ते स्पष्ट सांगायचं, ती वर पिन करून ठेवायची आणि ज्या ज्या ग्रुपवर चुकीची बातमी टाकली त्या प्रत्येक ग्रुपवर दुरुस्तीही टाकायची. चुकीची बातमी दहा ग्रुपवर आणि खुलासा एका स्टोरीत, तोही २४ तासांचा, असं चालत नाही.

वाचकालाही इथे एक काम आहे. पुढच्या वेळी पुराचा व्हिडिओ आला की शेअर करण्याआधी खाली एवढंच विचारा, ‘दादा, आजचा आहे का? किती वाजताचा?’ पाच-दहा जणांनी रोज विचारलं तर आठवड्याभरात पेजवाला तारीख लिहायला लागतो. लाईक्ससाठी जो कष्ट घेतो, तो प्रश्नांसाठीही घेतो.

आणि त्यांना संरक्षण कोण देणार?

जबाबदारीची चर्चा एकतर्फी होऊ नये. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने चिरडलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याबद्दल त्यांनी रिफायनरीच्या संदर्भात बातमी दिली होती, त्यानेच हे केल्याचा आरोप झाला आणि त्याला अटक झाली. गावात राहून गावातल्याच ताकदवान माणसाबद्दल लिहिणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. रोज त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण हे संरक्षण आहे ते माध्यमसंस्थेत काम करणाऱ्याला. वारिशे यांच्या नावामागे निदान एका वृत्तपत्राचं नाव होतं. एकट्याने पेज चालवून वाळूच्या डंपरचा व्हिडिओ टाकणाऱ्या पोराला मारहाण झाली, तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘तू कुठल्या पेपरचा?’ आणि तक्रार लिहिली जाते ती साध्या मारामारीची.